वेलांटीकाकांचा चष्मा

वेलांटीकाकांच्या चष्म्यावर मी बसलो, हे आधीच कबूल करून टाकतो. मागाहून कबूल केलं की माणूस काहीतरी लपवत होता असं वाटतं, आणि मी तर या चष्म्याचा अपराध पुढे कितीतरी दिवस चारचौघांत मिरवला.

झालं असं. ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे, मी पहिल्या मजल्यावर. पेपर आमच्या दोघांत एकच. आधी तो त्यांच्याकडे पडायचा, ते त्यातल्या चुकांभोवती लाल पेनाने गोल करायचे, आणि मग तो गोवर आल्यासारखा होऊन माझ्याकडे यायचा. त्या सकाळी पेपर वर आला नाही म्हणून मी खाली उतरलो. काका आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. बाहेर खुर्चीवर पेपर पसरलेला होता. तो उचलून मग बसावं, एवढी साधी गोष्ट. मी पेपरसकट बसलो. खालून 'कट' असा आवाज आला. माझं वजन पाहता तो आवाज फारच सभ्य म्हणायला हवा.

काका बाहेर आले तेव्हा मी एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात उरलेला चष्मा घेऊन उभा होतो. एका काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"दांडी मोडली हो," मी म्हणालो.

"काडी. चष्म्याची काडी असते," काका म्हणाले. "दांडी छत्रीची."

स्वतःचा चष्मा मोडल्यावर मोडणाऱ्याचा शब्द आधी दुरुस्त करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी म्हटलं, चला, आत्ता दुकानात जाऊ. पण त्यांची शिफ्ट दहाची आणि चष्म्याचं दुकान उघडणार अकराला. त्यांनी काडी दोऱ्याने बांधली, चष्मा डोळ्यांवर चढवला, तड्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की तुम्ही दोन दिसताय, एक पुरे होता. आणि गेले.

काका पेशाने मुद्रितशोधक. सव्वीस वर्षं एका वर्तमानपत्रात छापण्याआधीचा मजकूर तपासण्यात गेली. माझे विनोदी लेख त्यांच्याच हाताखालून जायचे, आणि त्यातली उद्गारचिन्हं ते खिचडीतले खडे वेचावेत तशी वेचून काढायचे. कुठे हसायचं ते वाचकाला कळतं, तुम्ही मध्येच कोपर मारू नका, असं म्हणायचे. तेव्हापासून मी उद्गारचिन्ह वापरत नाही. हसू पूर्वीइतकंच येतं, म्हणजे बेताचंच.

पुढे वर्तमानपत्राने ठरवलं की चुका आता यंत्र शोधील, आणि मुद्रितशोधकांची खोली बंद झाली. काका काही महिने घरी बसून इमारतीच्या नोटिसा तपासत होते. मग एका वृत्तवाहिनीने त्यांना बोलावलं. टीव्हीवर बातम्या चालू असताना खाली जी ओळ सरकत असते, तिला तिथे पट्टी म्हणतात. पट्टीवरच्या चुकांमुळे लोक हसायला लागले होते. काकांनी पट्टी तपासायची.

मी एकदा त्यांचं ऑफिस पाहून आलो होतो. खिडकी नसलेली खोली, भिंतभर टीव्ही, सगळे चालू आणि सगळे मुके. गारवा असा की यंत्रांना सर्दी होऊ नये म्हणून माणसांना झालेली. काकांनी खुर्चीमागच्या खुंटीवर एक राखाडी स्वेटर कायमचा टांगून ठेवला होता. डेस्कवरून ओळ लिहून यायची, काका ती शुद्ध करायचे, परत डेस्कवर जायची, आणि तिथला प्रमुख बटण दाबायचा की ओळ घरोघर. ओळीच्या शेवटी डेस्कने तिचा क्रमांक टाकलेला असायचा, एक, दोन, तीन. तो काकांनी पुसायचा. त्यांचं नावही तिथेच पडलं. पहिल्याच आठवड्यात एक ओळ आली होती, 'शस्त्रक्रियेत रुग्णाचे शिर कापले; प्रकृती स्थिर'. काकांनी ती परत पाठवली. खाली लिहिलं, 'दुसरी वेलांटी द्या, नाहीतर प्रकृती स्थिर राहणार नाही'. सगळी खोली हसली, आणि त्या दिवसापासून ते वेलांटीकाका. मुलगी सोडली तर त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारं पुढे कुणी उरलं नाही. हो, एक मावशी होत्या. त्यांच्याकडे येतोच.

वेलांट्यांशी काकांचं कधी भांडण नव्हतं. त्यांचं भांडण प्रश्नचिन्हाशी होतं. वाहिनीवर काहीही सांगायचं आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवून द्यायचं, अशी रीत होती. 'सुनेनेच काढला काटा?' 'पुलाखाली भुयार?' पुरावा विचारला तर आम्ही कुठे म्हटलं, आम्ही तर विचारलं. काका म्हणायचे, हा प्रश्नच नाही. प्रश्न असेल तर त्यात 'का' हवं, 'कुणी' हवं, 'कसं' हवं. हे विधान आहे आणि त्याला मागून शेपूट लावलं आहे. पकडलं की शेपूट हातात ठेवून पळून जायला बरं.

इमारतीत तर त्यांनी वर्गच घेतला होता म्हणा ना. जिन्यात, गच्चीवर, दुधाच्या रांगेत, ते एकच गोष्ट सांगायचे. प्रश्नचिन्ह दिसलं की त्या बातमीवर विश्वास ठेवू नका. आमच्या घरी माझ्या बायकोने हे इतकं मनावर घेतलं होतं की ती पट्टीचा शेवट येईपर्यंत मत बनवायची नाही. माझ्या बोलण्याचा शेवट येईपर्यंत ती कधी थांबली नाही, पण पट्टीचा मान वेगळा.

ऑफिसात मात्र वर्ग घेऊन भागण्यासारखं नव्हतं. तिथे काकांनी एक युक्ती काढली होती, आणि ती त्यांनी मला एकट्याला सांगितली होती. एखादी ओळ अगदीच खोटी वाटली, कुणाचा तरी जीव जाईल अशी वाटली, की ते तिच्यात काही बदलायचे नाहीत, फक्त शेवटचं प्रश्नचिन्ह काढून ती डेस्कवर परत पाठवायचे. शेपूट काढलं की वाक्य उघडं पडतं. 'सुनेनेच काढला काटा', पूर्णविराम. तेव्हाचा डेस्कप्रमुख प्रत्येक ओळ बटण दाबण्याआधी पुटपुटत वाचायचा. असं उघडं वाक्य तोंडातून बाहेर पडलं की तो स्वतःच दचकायचा आणि ओळ टाकून द्यायचा. तीन वेळा हे जमलं होतं. तिन्ही वेळा काका घरी येताना जिलेबी मिळालेल्या पोरासारखे दिसत होते.

मग तो प्रमुख दुसरीकडे गेला आणि नवा आला. तरुण, भला, नेहमी घाईत. काकांवर त्याचा इतका विश्वास की काकांच्या हाताखालून गेलेली ओळ पुन्हा वाचणं म्हणजे काकांचा अपमान, असं तो सगळ्यांना सांगायचा. काकांना त्याचा अभिमान वाटायचा.

आता मावशी. आमच्या मागच्या गल्लीत त्या पाळणाघर चालवायच्या. दोन खोल्या, खाली चटया, आणि भिंतीवर मुलांच्या उंचीला खुंट्यांची एक ओळ. प्रत्येक खुंटीवर एक चित्र चिकटवलेलं. बदक, होडी, किल्ली, ससा. मुलांना वाचता येत नाही म्हणून आपापलं चित्र बघून दप्तर अडकवायचं. काकांची बायको गेली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती, आणि तिच्या वाट्याला छत्री आली होती. मावशी आईबापांनाही चित्रावरूनच हाक मारायच्या. होडीची आई आली का, किल्लीच्या बाबांना म्हणावं सर्दी झालीय. काकांची मुलगी मोठी झाली, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, लग्न झालं, तरी काका मावशींच्या लेखी शेवटपर्यंत 'छत्रीचे बाबा'. मुलीचे केस विंचरायला, तिला तापात पेज पाजायला, पहिल्यांदा शाळेत सोडायला मावशीच होत्या. काका हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण त्या गल्लीतून जाताना सायकलवरून उतरून चालायचे.

चष्मा मोडला त्याच दिवशी दुपारी बायकोने मला हाक मारली. टीव्हीवर मावशींचं पाळणाघर होतं. सकाळी तिथे एक मूल झोपलं ते उठेचना, म्हणून मावशींनीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. तेवढ्यावर सगळ्या वाहिन्या दारात उभ्या. फडताळातल्या एका बाटलीभोवती लाल गोल काढून ती पुन्हा पुन्हा दाखवत होते. ती केसांच्या तेलाची बाटली होती. काकांनी आयुष्यभर लाल गोल काढले, पण ते चुकीभोवती.

एका वाहिनीवर पट्टी होती, 'चिमुकल्यांना गुंगीचे औषध?' दुसरीवर, 'पाळणाघर की छळघर?' बायकोने काकांची वाहिनी लावली. तिथे होतं, 'मावशीनेच दिले चिमुकल्यांना गुंगीचे औषध'. बायको ओळ संपेपर्यंत थांबली. ओळ पुन्हा फिरून आली, ती पुन्हा शेवटपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, "अहो, याला प्रश्नचिन्ह नाही."

वरच्या मजल्यावरची सशाची आई एका पायात चप्पल नसताना जिन्यावरून धावत गेली. तिनेही काकांचाच वर्ग केला होता. सगळ्या इमारतीने, आणि इमारतीकडून गल्लीने. इतर वाहिन्यांवर कुणाचा विश्वास बसला नसता. पण जिथे काका बसतात तिथे प्रश्नचिन्ह नाही, म्हणजे पक्कंच. मी पोहोचलो तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. किल्लीच्या आईने फक्त विचारलं, तेही अगदी हळू, की मावशी, खरं सांगा, किती दिवसांपासून देत होतात. मावशींना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, पोरं जेवायची आहेत अजून. चारच्या आत सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या.

संध्याकाळी काकांची मुलगी आली. काका त्याच खुर्चीत बसले होते, दोऱ्याने बांधलेला चष्मा मांडीवर होता. मीही तिथेच होतो. तिने चप्पल काढली नाही.

"बाबा, ती ओळ तुमच्या हाताखालून गेली?"

काकांनी मान डोलावली.

"प्रश्नचिन्ह होतं तिला?"

"होतं," काका म्हणाले.

पुढचं विचारायला तिचं तोंड उघडलं आणि मला ते बघवेना. मी मध्ये पडलो. म्हटलं, पोरी, दोष माझा आहे. सकाळी मी चष्म्यावर बसलो. काच तडकलेली. ओळीच्या शेवटी क्रमांक असतो, तो यांनी पुसायचा असतो. तड्यातून प्रश्नचिन्ह यांना दोनच्या आकड्यासारखं दिसलं असणार. बघ ना, दोनचा आकडा आणि प्रश्नचिन्ह, फरक तो काय, खालचं टिंब. दोन समजून पुसलं यांनी. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या सुचलं. पुराव्यावाचून गोष्ट रचण्याची कला काही वाहिन्यांनीच विकत घेतलेली नाही.

मुलीने मांडीवरचा चष्मा उचलला, तडा पाहिला, आणि रडायला लागली. रडत रडत तिने बापाच्या डोक्यावरून हात फिरवला. काका काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, शरमले.

माझी ती गोष्ट सगळ्यांना पटली. ऑफिसात डेस्कप्रमुखाने काकांना चष्मा गळ्यात अडकवायची दोरी भेट दिली. त्या दिवशी वाहिनी सगळ्यात जास्त पाहिली गेली होती, त्यामुळे राग कुणालाच नव्हता. इमारतीत मी भेटेल त्याला सांगत सुटलो की सगळं माझ्या बसण्यामुळे झालं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडं बरंही वाटत होतं. मित्राचं ओझं आपण उचललंय, आणि तेही ज्या अवयवाने उचलायचं नसतं त्याने, असा विनोदही मी एक-दोनदा केला. स्वतः रचलेली गोष्ट होती, माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. त्या मुलाच्या आईने सकाळी घरून निघताना त्याला खोकल्याचं औषध पाजलं होतं. झाकणाने मोजायचं ते घाईत जेवणाच्या चमच्याने. घाबरून ती दोन दिवस गप्प राहिली, मग डॉक्टरांपाशी रडली. मूल ठणठणीत होतं. पोलिसांनी मावशींना सांगितलं की तुमचं काही नाही, जा.

त्या दिवशी काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ओळ तपासली नाही, लिहिली. हे एवढं त्यांनी मला स्वतः सांगितलं. 'पाळणाघरातील मावशी निर्दोष'. स्वतः डेस्कवर नेऊन दिली. डेस्कप्रमुख आता शहाणा झाला होता, प्रत्येक ओळ वाचत होता. उगाच कुणी कोर्टात ओढायला नको म्हणून त्याने खबरदारी घेतली. ओळ काकांच्या पडद्यावर परत आली तेव्हा होती, 'पाळणाघरातील मावशी निर्दोष?' काकांनी प्रश्नचिन्ह काढलं. डेस्कने परत लावलं. काकांनी काढलं. डेस्कने लावलं. तिसऱ्या खेपेला डेस्कप्रमुख उठून त्यांच्यापाशी आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला की काका, आधीच्या वेळी निसटलं, आता आपण काळजी घ्यायला हवी. आणि शेअर बाजार आणि हवामान यांच्या मध्ये ती ओळ शेपटासकट दोनदा फिरली. काकांनी खुंटीवरचा स्वेटर काढला, पिशवीत घातला आणि ते घरी आले. पुन्हा गेले नाहीत.

आमच्या इमारतीत ती ओळ सगळ्यांनी पाहिली. शेवटपर्यंत थांबून पाहिली. आणि प्रश्नचिन्ह दिसल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांना काकांनीच शिकवलेलं होतं.

मी दारोदार गेलो. काकाही गेले. मोडक्या चष्म्याच्या जागी आता नवा होता, तो सारखा करत ते प्रत्येक घरी उभे राहून सांगायचे की मावशींनी काही केलेलं नाही. लोक बसा म्हणायचे, चहा विचारायचे, हो हो म्हणायचे. मुलं कुणी परत पाठवली नाहीत. सशाची आई मला म्हणाली, तुमचं पटतं हो, पण मन धजत नाही. चार महिने मावशींनी वाट पाहिली. मध्ये एका खुंटीवर एक दप्तर आलं, होडीचं. पंधरा दिवस होतं. मग तेही गेलं.

शेवटी त्यांनी दुसऱ्या गावी भाचीकडे जायचं ठरवलं. सामान आवरायला काकांची मुलगी, काका आणि मी गेलो. सामान फार नव्हतं. चटया कुणीतरी आधीच नेल्या होत्या. मुलगी नखाने भिंतीवरची चित्रं सोडवत होती. काही निघत होती, काहींचा रंग भिंतीलाच राहत होता. छत्री मात्र अख्खी निघाली. मावशींनी ती हातात घेऊन पाहिली आणि तिच्याकडे परत दिली, ठेव म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या.

"छत्रीचे बाबा, चष्मा नीट झाला का हो तुमचा?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच काळजी होती. काका म्हणाले, "झाला." त्यापुढे काही बोलायला गेले, पण मावशी तोवर माझ्याकडे वळल्या होत्या. "आणि तुम्ही हो, बघून बसत जा," असं म्हणून त्या हसल्या. मुलगी त्यांना स्टँडवर सोडायला रिक्षात बसली. रिक्षा कोपऱ्यावरून वळली तरी काका रस्त्यातच उभे. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत होता, त्यालाच बाजूने जावं लागलं.

आम्ही दोघं परत निघालो. काका गल्लीभर मान खाली घालून चालत होते. इमारतीच्या दारापाशी मला राहवेना. हा माणूस असा आत आत कुढत राहिला तर माझ्या त्या गोष्टीचा उपयोग काय, असं वाटलं. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, माझ्यासाठी तरी मनाला लावून घेणं सोडा. काच धड असती तर ते दोन नाही, प्रश्नचिन्ह आहे, हे तुम्हाला दिसलं असतं. तडा मी पाडला, चूक माझी. तुम्हाला ते दिसलंच नाही, त्याला तुम्ही काय करणार.

काकांनी नवा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"दिसलं होतं, म्हणून तर काढलं."